अकरावी ओळ

सुगंधा परब अंधेरीच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत कॉम्प्युटर ऑपरेटर होती. गाव देवगडजवळचं, वडील गिरणीत होते, संपानंतर घरी बसले. १९८६ साली कंपनीच्या मिनी कॉम्प्युटरला चौदा टर्मिनल जोडलेली होती. कुठलंही काम अडकलं की हाक तिलाच. ती पडद्यावर चालू कामांची यादी काढायची, अडकलेलं शोधायची आणि बंद करायची.

सोमवारी सकाळी गोदामातून फोन आला. "स्टॉकची फाइल उघडत नाहीये गं. बघ ना जरा."

यादीत अकराव्या ओळीवर राजाराम मयेकरचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, चालू. प्रोग्रॅमर राजाराम तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. शनिवारी दुपारी त्याने स्टॉक जुळवायचा लांबलचक प्रोग्रॅम लावला होता. त्या प्रोग्रॅमनेच फाइल धरून ठेवली होती. राजाराम आज अजून आला नव्हता.

तिने मुलुंडला त्याच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला.

"राजाराम काल सकाळी गेला हो. छातीत कळ आली. तुम्हाला कुणी कळवलं नाही?"

"नाही," ती म्हणाली. "बरं."

तिने मॅनेजर दिघेसाहेबांना सांगितलं. ते खाली बसले. तेवढ्यात गोदामाचा फोन परत वाजला.

"त्याचं ते काम बंद करावं लागेल," साहेब म्हणाले. "मी करू?"

"नको. करते मी."

बंद करायचे दोन हुकूम होते. एकात प्रोग्रॅमला हातातलं आवरायला वेळ मिळायचा, दुसरा तडकाफडकी. तिने पहिला दिला. पाच मिनिटांनी पाहिलं, ओळ तिथेच. पंधरा मिनिटांनीही तिथेच. मग तिने दुसरा दिला. ओळ गेली, खालच्या ओळी एकेक वर सरकल्या. गोदामवाले कामाला लागले.

जेवणाच्या सुट्टीत टायपिस्ट शुभा रडत होती. सुगंधाने डब्यातली भेंडी संपवली.

"तुला काहीच कसं वाटत नाही गं?"

"माहीत नाही."

तेराव्याला ती मुलुंडला गेली. राजारामच्या बायकोने, नीलाने, विचारलं, "शनिवारी निघताना काही म्हणाले का हो?"

सुगंधाने आठवून पाहिलं. "म्हणाला असेल. मी प्रिंटरचा कागद फाडत होते. वर बघितलं नाही."

 नीला चहा टाकायला उठली.