देवापुढचा फिश टँक

रघुनाथ माझा शेजारी. गोव्यात साखळी गावी खाणीच्या कचेरीत कारकून होता, पण चालायचा खाणमालकासारखा. भाषेचा वाद पेटला तेव्हा सकाळी मराठीच्या सभेत टाळ्या वाजवायचा आणि दुपारी साहेबापुढे कोंकणीचे गोडवे गायचा. गोवा राज्य झालं त्या वर्षी त्याला हेडक्लार्क केलं, आणि माणूस फुगला. थोरल्या भावाच्या घरचा एकत्र गणपती सोडून त्याने चवथीला आपल्या घरी वेगळा गणपती आणला. लोकांनी बघत राहावं म्हणून देवावर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली, मूर्तीच्या अगदी पुढ्यात, फिश टँक मांडला.

म्हापशाच्या दुकानदाराने सांगितलं होतं, आधी टाकीत नुसतं पाणी फिरवत ठेवा, मग थोडे थोडे मासे सोडा. बायको सुमंगला बरोबर होती, तिने नीट ऐकलं. रघुनाथाने दुकानदाराला हसून गप्प केलं आणि चवथीच्या आदल्या दिवशी टाकी भरून सगळे मासे एकदम आत सोडले. सोनेरी, काळे, पट्ट्यांचे. पहिल्या दिवशी लोकांनी देवाला हात जोडले ते मासे बघत बघतच.

तिसऱ्या दिवशी माशांच्या कल्ल्यांवर आणि शेपट्यांवर रव्यासारखे पांढरे दाणे दिसू लागले. मासे खड्यांना अंग घासत होते, वर येऊन तोंडं उघडत होते. सुमंगलेने सांगितलं, दुकानदाराला विचारून येते. रघुनाथाने तिला नैवेद्याकडे बघायला सांगितलं. मग स्वतः मूठभर मीठ टाकलं. दाणे गेले नाहीत म्हणून आणखी दोन मुठी टाकल्या. तापाच्या गोळ्या कुटून घातल्या. कोणाचं तरी ऐकून देवाचं तीर्थ ओतलं. शेवटी सगळं पाणी उपसलं आणि विहिरीचं थंडगार पाणी भरलं. इतकी हुशारी एका माणसात मावते, हे मी तेव्हाच पाहिलं.

संध्याकाळी आरतीला माणसं जमली तेव्हा बहुतेक मासे पोटं वर करून तरंगत होते. चवथीत आमच्या घरांत मासळीचं नाव काढत नाहीत, आणि इथे देवापुढे मेलेली मासळी. लोक एकमेकांकडे बघू लागले. रघुनाथाला दोष ठेवायला कोणीतरी हवं होतं. तो सगळ्यांसमोर बायकोकडे बघून म्हणाला, "हिने विटाळाचा हात लावला असणार."

सुमंगला पंचारती घेऊन उभी होती. तिने ती पाटावर ठेवली.

"मी हात लावूक नाय," ती म्हणाली. "लावूक दिलो असतो तर ते जगले असते."

त्याची म्हातारी काकी, शांता, भिंतीला टेकून बसली होती. तिने शांतपणे विचारलं, "मगे आजचो नैवेद्य कोणी केलो रे? तू खाल्लस मा तो?"

रघुनाथ टाळ शोधू लागला. आरती झाली, पण आवाज कोणाचाच लागला नाही.

सुमंगलेने जिवंत उरलेले दोन मासे बालदीत काढले आणि बालदी मागच्या पडवीत नेली. सकाळी नवऱ्याला न विचारता बसने म्हापशाला गेली आणि दुकानदाराकडून निळं औषध आणलं. त्याने सांगितलं तेवढेच थेंब ती घालत राहिली. काळा मासा मेला. सोनेरी जगला, हळूहळू अंगावरचे दाणे झडले आणि तो खाऊ लागला.

विसर्जन होऊन गेल्यावर रघुनाथाने तो मासा पुन्हा टाकीत घातला आणि कचेरीतल्या माणसांना घरी बोलावून दाखवला. मुळापासून रोग काढला, तीर्थाचा गुण, असं तो छाती काढून सांगत होता. त्यांना चहा मीच नेऊन दिला, कारण सुमंगला बाहेर यायला तयार नव्हती.

पुढच्या चवथीच्या आधी तिने एकदाच सांगितलं, की नैवेद्य ती थोरल्या दिरांच्या घरी करणार. इथे देव आणायचा असेल तर ज्याने आणला त्याने रांधावं. रघुनाथाला भात कसा शिजतो तेही ठाऊक नव्हतं. तो मुकाट्याने भावाच्या घरी गेला. तिथे जेवणाच्या पंगतीत तो माशांच्या रोगांवर बोलत होता. पंगतीत कोणीच मान वर केली नाही. वाढत आलेली सुमंगला त्याच्या पानाशी थांबली, भात वाढला आणि पुढच्या पानाकडे गेली.