बातमीतला एक शब्द

परवा नातीने एक जुना कृष्णधवल इंग्रजी चित्रपट लावला. वर्तमानपत्राच्या कचेरीत बसलेल्या संपादकाच्या चेहऱ्यावर खिडकीच्या पट्ट्यांची सावली पडली आणि मी दुष्काळातल्या नगरला जाऊन पोचलो.

तेव्हा मी तिथल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. जामखेडचे आमचे वार्ताहर दगडूभाऊ कामासाठी नगरला आले होते, म्हणून रविवारी सकाळी त्यांना कॅम्पातल्या टॉकीजमध्ये हाच चित्रपट दाखवायला नेलं. इंग्रजी त्यांना येत नसे. मी हळू आवाजात सांगत होतो. मालकाच्या दबावाखाली संपादक बातमीतला एक शब्द बदलतो आणि खुनी सुटतो. शेवटी तो सगळं खरं पहिल्या पानावर छापतो. तेवढं मात्र मला सांगवेना.

बाहेर पांढरंफटक ऊन होतं. दगडूभाऊ म्हणाले, "दुष्काळी कामावर बाई मेली, ती 'उपासमारीनं' आसं मी लिवलं हुतं. छापून आलं 'उन्हानं'. शब्द कुनी बदलला, साहेब?"

मालकांनी सांगितलं आणि मीच बदलला होता.

"खिळे जुळवताना जुळाऱ्याची चूक झाली असेल," मी म्हणालो.

"तिचा नवरा माज्याकडनं पेपर वाचून घ्यायला आल्ता," एवढंच बोलून ते एस.टी. स्टँडकडे निघाले.

त्या चित्रपटातल्या छायाप्रकाशाचं कौतुक मी पुढे कितीतरी जणांपाशी केलं, दगडूभाऊंचा प्रश्न मात्र कुणालाच सांगितला नाही. ते नंतरही बातम्या पाठवत राहिले. बाजारभाव, जत्रा, बदल्या. कुणाच्या मरणाची बातमी त्यांनी पुन्हा माझ्या हाती दिली नाही.