सुभेदारांची पदकं

काही प्रकरणं पेन्शनबरोबर घरी येतात आणि मग जात नाहीत. तसे मी मोठमोठे गुन्हे हाताळले. देवळाच्या हत्तीनं केळ्यांच्या हातगाडीवर घातलेला दरोडा मीच तपासला. आरोपी जागेवर सापडला, मुद्देमाल पोटात होता, कबुली मात्र शेवटपर्यंत दिली नाही. पण आठवत राहतं ते पदकांचं प्रकरण.

तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमच्याच मराठी लोकांपैकी एक निवृत्त सुभेदार राहत. मिशी अशी, की एका टोकाला उजाडलं तरी दुसऱ्या टोकाला अंधार असावा. त्यांनी हाक मारली की पापनाशमला सुटलेली बस थांबते, असं गल्ली सांगे. मी स्वतः थांबलेली पाहिली आहे. उमेदीची वर्षं सीमेवर गेली. निवृत्तीनंतर हा माणूस बायकोला नारळ खवून देण्यात आणि नातींच्या वेण्या घालण्यात रमला. एका उन्हाळ्यात ते वारले. तेराव्याला फोटोपुढं पदकं ठेवायची म्हणून मुलानं पेटी उघडली, तर आत नुसती मखमल.

मुलगा ठाण्यात आला तो फिर्याद आणि संशयिताचं नाव दोन्ही घेऊनच. दिवाळीनंतर सुभेदार अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना उचलायला, न्हाऊ घालायला एक माणूस ठेवला होता, पापनाशमकडच्या खेड्यातला. त्यानंच नेली, असं मुलाचं म्हणणं. त्यात खबरही आली. स्टँडवरचा चहावाला माझा जुना खबऱ्या, गावातल्या मांजरांचेही पत्ते त्याला पाठ. तो म्हणाला, सुभेदार गेल्यावर दोन दिवसांत हा माणूस जड गाठोडं छातीशी धरून बसमध्ये चढला. जागा असूनही खाली ठेवलं नाही.

चौकशीला बोलावलं, तर गाठोड्यासकट आला. आत सुभेदारांचे बूट होते. चकाकी इतकी, की मी त्यात बघून दाढी केली असती.

माझा अनुभव असा, की चोर जास्त बोलतो, निर्दोष जास्त घाबरतो, आणि पाणी दोघंही मागतात. यानं पाणीही मागितलं नाही.

"ऐया, बूट त्यांनी दिले," तो म्हणाला. ऐया म्हणजे इकडं साहेब.

"कुणासमोर?"

"खोलीत आम्ही दोघंच असायचो."

मुलगा अटकेसाठी हटून बसला. अटक झाली असती तर त्या माणसाला पुन्हा कुणी आजाऱ्याच्या उशाशी बसू दिलं नसतं, आणि त्याचं पोट त्यावरच. झडती आधी, अटक मग, असं मी सांगितलं. त्याला ठाण्याच्या बाकावर बसवून आम्ही सुभेदारांचं घर गाठलं.

आमच्या महिला हेड कॉन्स्टेबलच्या हातून मोहरीचा दाणा सुटत नसे. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून ती परत आली. "सगळं पाहिलं सर. कोलूची ट्रंक तेवढी सोडून."

"ती सोडणारच," मी म्हणालो. पंचांनीही मान डोलावली. नवरात्रात आमच्याकडं पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, तो कोलू. घरात मृत्यू झाला की वर्षभर त्या ट्रंकेला हात लावत नाहीत. पंचनामा झाला, कॉफी आली. अर्धी प्यालो आणि लक्षात आलं, की पोलीस, पंच, फिर्यादी असे सगळे मिळून आम्ही एका बंद ट्रंकेला नमस्कार करून निघालो आहोत.

सुभेदारांच्या पत्नीला मी काकू म्हणत असे. त्यांना विचारलं, गेल्या दसऱ्याला बाहुल्या कुणी आवरल्या?

"दर साल हेच निजवत होते. मज हात लावू देत नव्हते."

मुलाला विचारलं. त्यानं पदकं शेवटची पाहिली ती त्याच नवरात्रात, आयुधपूजेत मांडलेली. आणि दसऱ्याला तो नोकर या घरात आलेलाही नव्हता. पदकं बाहुल्यांबरोबर ट्रंकेत गेली असावीत, हे मुलाला पटलं, तरी तो अडलाच. वर्ष सरायच्या आत ट्रंक उघडली तर दोष लागेल, म्हणाला.

"लागला तर मज लागेल," काकू म्हणाल्या. "ह्यांचं अंग पुसलेल्या माणसानं चोर कसाला म्हणवून घ्यायचं? उघड."

जुन्या धोतरात गुंडाळलेलं लाल लाकडाचं जोडपं निघालं, काकूंच्या लग्नात माहेरून आलेलं. नवरात्रात सुभेदारांना कधी रजा मिळत नसे. म्हणून त्या दर वर्षी लाकडी नवऱ्याला हिरवा गणवेश शिवून पहिल्या पायरीवर उभा करायच्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका चेष्टा करत, तुझ्या साहेबाला रजा मिळाली वाटतं. लाकडी नवऱ्याच्या अंगावर तोच जुना गणवेश होता. छाती रिकामी.

मग काकूंनी शेजारची बाई उलगडली. सगळी पदकं तिच्या साडीवर टाचलेली होती, गळ्यापासून पायापर्यंत. तोंड तेवढं दिसत होतं.

काकूंनी एकेका पदकावरून बोट फिरवलं. "असके मजला," एवढंच म्हणाल्या. असके म्हणजे आमच्या बोलीत सगळे.

पदकं त्यांनी काढू दिली नाहीत. मी बाहुलीवरच ती मोजली आणि फिर्याद गैरसमजातून झाल्याचं लिहिलं. मुलगा कुणाला न सांगता मोपेड घेऊन ठाण्यात गेला. बाकापुढं थोडा घुटमळला आणि म्हणाला, "अण्णा, चला. आई जेवायची थांबली आहे." तो माणूस मांडीवर बूट घेऊन त्याच्या मागं बसला.

मी नोकरीत पुष्कळ कुलपं फोडली. पण सगळ्यांचं एकमत असलेली जागा तपासायची राहून जाते, हे त्या घरानं शिकवलं. नंतरच्या कुठल्याही झडतीत 'ती सोडणारच' असं मी म्हटलं नाही, आणि त्यापायी सासुरवाडीच्या देवघरातही एकदा बोलणी खाल्ली.

वर्ष सरल्यावर काकूंनी कोलू मांडला. मीही गेलो. पहिल्या पायरीवर रिकाम्या छातीचा शिपाई, आणि त्याच्या शेजारी पदकांनी वाकलेली बाई. हात आपोआप कपाळाला गेला. सलाम हुद्दा बघून करायचा असतो. मी तिला केला.