बंपरला बांधलेला त्रिकोण

शारजाहून रुवैसला आम्ही शुक्रवारी पहाटे निघालो. माझी बायको फिलोमिना हिच्या बहिणीकडे नाताळचं जेवण होतं. मागच्या सीटवर आमची लहानगी लेक शेरॉन होती. गेल्या हिवाळ्यात याच रस्त्यावर पेट्रोल पंपाशी चहाला उतरलो, तेव्हा कुणीतरी माझा नवा जॅक लांबवला होता. तो राग अजून गेला नव्हता. म्हणून या खेपेला जॅक, दोरखंड, जंपर केबल, टॉर्च, ब्लँकेट सगळं स्वतः घासाघीस करून घेतलं आणि प्रत्येक वस्तूवर लाल रंगाने माझं नाव घातलं.

"आता माझ्या कपाळावर पण घाल," फिलोमिना म्हणाली.

अबू धाबी मागे पडलं आणि धुकं दाटलं. तरीफच्या पुढे मागचा टायर बसला. गाडी कडेला घेतली. मागून येणाऱ्यांना इशारा म्हणून ठेवतात तो चमकता त्रिकोण काढला. लांब ठेवला तर कुणी पळवेल, म्हणून बंपरलाच दोरीने बांधला.

स्टेपनी काढत होतो, तोच एक पिकअप थांबला. त्यातून उतरलेला दाढीवाला पठाण सरळ दोरीची गाठ सोडू लागला.

"ओ भाईसाब, हात मत लगाओ."

"यल्ला (चला), बच्ची को बाहर निकालो," म्हणत तो त्रिकोण घेऊन धुक्यात दिसेनासा झाला.

मी पाना उचलून त्याच्यामागे धावलो. शिव्या मराठीत दिल्या. बरंच मागे तो सापडला. त्रिकोण कडेला उभा करून त्याच्या पायाशी दगड लावत होता. मी तोंड उघडतो तोच एक ट्रेलर कडेच्या पट्टीवर चाकं घालून आमच्या रोखाने आला. दिव्यांत त्रिकोण चमकला आणि ट्रेलर भोंगा वाजवत पलीकडच्या लेनमध्ये वळला. त्याच पट्टीवर पुढे आमची गाडी होती. गाडीत फिलोमिना आणि शेरॉन बसलेल्या होत्या.

"मारना है तो टायर लगने के बाद मारो," माझ्या हातातल्या पान्याकडे बघत तो म्हणाला.

दोघींना रस्त्यापासून दूर उभं केलं आणि आम्ही टायर बदलला.

"डॅडी, इज ही अवर फ्रेंड?" शेरॉनने विचारलं.

डिकी लावण्याआधी सवयीने सामान मोजलं. मान वर केली तर तो कुर्त्याचे दोन्ही खिसे उलटे करून उभा होता. एकातून खजुराच्या बिया पडल्या.

"खलास (झालं)?" एवढंच विचारून तो गेला.

रुवैसला मेव्हणीने फुगे (तळलेले गोल पाव) केले होते. फिलोमिनाने ही हकीकत सगळ्यांना सांगितली. लोक हसत होते, मी खाली मान घालून जेवलो.

संध्याकाळी परतताना रस्ता स्वच्छ होता. माणसांवर विश्वास ठेवायला शिकलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. सामान मी अजूनही मोजतो. फक्त आधी समोरच्या माणसाला जाऊ देतो.