उंदीरमार सर

सरांनी आयुष्यात एकही उंदीर मारला नाही. किन्हवलीच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात पावसाळ्यात खरेखुरे उंदीर फिरायचे, तेव्हा सर दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसायचे. तरी सगळं गाव त्यांना उंदीरमार म्हणायचं, कारण कुठल्याही कॉम्प्युटरपुढे बसले की ते आधी माउसची वायर उपटत आणि मेलेल्या झुरळासारखा तो उलटा करून बाजूला ठेवत. "कीबोर्डवरनं हात उचलला की विचार सांडतो, मॅडम," असं त्यांचं म्हणणं. मी तिथे टायपिंग शिकवायचे. माझे विचार दोन्ही हात कीबोर्डवर असतानाही सांडत, पण ते असो.

सर मुरबाडकडून मोटारसायकलवर यायचे. क्लासातले कॉम्प्युटर कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेले होते. नवी विंडोज त्यांच्यावर चढेना, म्हणून सरांनी सगळ्यांवर विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स टाकलं. इथपर्यंत ठीक होतं. पण लिनक्समध्ये पडद्यावर काय आणि कसं दिसावं हे आपण निवडायचं असतं, आणि निवड म्हटली की सरांच्या अंगात यायचं.

मला त्यांनी हा प्रकार समजावला तो असा: "डेस्कटॉप म्हणजे लग्नाचं पूर्ण कंत्राट. मांडव, खुर्च्या, जेवण, बेंजो, सगळं त्याच्याकडे. विंडो मॅनेजर म्हणजे नुसता पंगत बसवणारा माणूस. नवा पाहुणा, म्हणजे नवी खिडकी, आला की बाकीच्यांना सरकवून त्याला जागा करून देतो. कुणी कुणाच्या अंगावर बसत नाही."

"आणि जेवण?" मी विचारलं.

"ते आपलं आपण आणायचं."

सरांना अर्थातच नुसता पंगतवाला हवा होता. त्यांनी क्लासातल्या प्रत्येक यंत्रावर तोच बसवला. बटण दाबलं की काळाकुट्ट पडदा, वर एक बारीक पट्टी, बस्स. चित्र नाही, मेनू नाही. नव्या बॅचची मुलं पहिल्या दिवशी समोर बसून राहिली. शेवटी एकाने विचारलं, "सर, लाइट गेली काय?"

आठवडाभरात निम्मी बॅच शहापूरच्या दुसऱ्या क्लासला गेली. क्लास ज्यांचा होता ते आप्पा पान चघळत आले. "सर, तुमी पोरांना शिकवताव का भुताटकी दाखवताव? पोरं परत नाय आली तर मी इथं पिठाची चक्की टाकीन."

चक्कीचं ऐकून सर हादरले. डेस्कटॉप शोधायला लागले, आणि ते मुलगी बघायला निघालेल्या मामासारखे. एक बसवायचे, चहा पिईपर्यंत बघायचे, नाक मुरडायचे. नोम नावाचा डेस्कटॉप बघितला: "फार शिकलेलं स्थळ आहे, आपल्या यंत्रांच्या घरात नाही टिकायचं." केडीई बघितला: "गुणी आहे, पण सेटिंग बघायला बसलं की उठूच देत नाही." त्यात त्यांचा अख्खा रविवार गेला, आणि घड्याळाचा रंग तेवढा बदलला. अखेर एक्सएफसीईवर आले. "साधं आहे. गरिबाघरचं वाटतं, पण नांदेल."

"सर, असे दोष काढत बसलात तर जन्मभर एकटे राहाल," मी म्हटलं.

"राहतोय की," सर म्हणाले आणि इन्स्टॉलचं बटण दाबलं.

पडद्यावर मेनू आला, चित्रं आली, माउस परत आले. मुलंही परत आली. आप्पा चक्कीचं विसरले. सर मात्र सुतकात असल्यासारखे शिकवायचे. "इथे क्लिक करा" हे वाक्य ते असं म्हणायचे, जणू कुणाला मूठमाती देतायत.

त्याच बॅचला हिरा होती. पाड्यावरची. दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर जायचे, त्यांच्याबरोबर जात-येत तिने बारावी केली होती. शहापुरात एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर पेशंटची नोंद करायला माणूस हवा होता, आणि ती जागा मिळाली तर भट्टी सुटणार होती. ती सगळ्यांच्या आधी यायची, शेवटच्या यंत्रावर बसायची आणि उजवा हात ओढणीखाली ठेवायची. एक दिवस उठून म्हणाली, "सर, मी उद्यापास्नं नाय येत."

"का?"

"त्यो उंदीर माज्यानं धरवत नाय."

तिने हात बाहेर काढला. भट्टीवर मातीच्या यंत्रात दोन बोटं गेली होती, अंगठाही नीट वळत नव्हता. इतके दिवस आमच्यापैकी कुणालाच ते दिसलं नव्हतं.

सर उठले. तिच्या यंत्रापाशी गेले, माउसची वायर काढली, आणि जुना काळा पडदा परत आणला. मग डाव्या हाताने कुठली बटणं दाबायची ते दाखवलं. एक खिडकी उघडली, दुसरी उघडली, पहिली सरकली. हिराने स्वतः करून बघितलं. परत करून बघितलं.

"मंग ही पद्धत चांगली व्हती ती काढलीत कशाला?" तिने विचारलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

दवाखान्यात विंडोज असणार होती. तिथलं प्रत्येक काम माउसशिवाय कसं होईल ते सरांनी स्वतः शोधून काढलं आणि तिच्याकडून घोटून घेतलं. चुकली की ओरडायचे, मग बिस्किट द्यायचे. दवाखान्यातल्या परीक्षेला मी तिच्याबरोबर गेले. डॉक्टरीणबाईंनी माउस तिच्यापुढे सरकवला. हिरा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, मला लागत नाय." आणि मी बघत असताना तिने तीन पेशंट नोंदवून, कागद छापून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिले. सोमवारपासून ये, असं त्या म्हणाल्या.

परत आल्यावर सरांची छाती फुगली. "बघा मॅडम! माझीच पद्धत बरोबर होती."

"तुमची नाय वो बरोबर, सर," हिरा पेढ्याची पुडी सोडत म्हणाली. "माज्या हाताला बरोबर हाय. त्या पोरांना त्यांची बरी."

सर तोंडात पेढा धरून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या यंत्रांवर दोन्ही सोयी ठेवल्या.

पुढे पुण्याला नोकरी लागली आणि सर गेले. निरोप समारंभ नको म्हणाले, आप्पांनी दिलेला नारळ घेतला आणि गाडीला किक मारली. क्लास आता मी चालवते. परवा एक निवृत्त कंडक्टर शिकायला आले, डोळ्यांनी अधू. मी सरांना फोन लावला. "सर, यांना कोणतं लावू?" आता तासभर प्रवचन ऐकायचं, अशा तयारीने मी स्टूल ओढून बसले होते.

"मला काय विचारता?" सर म्हणाले. "जो बसणार आहे त्याला विचारा." आणि फोन ठेवला.

मी वळून कंडक्टरबाबांना विचारलं, "बाबा, तुम्हाला काय सोपं जाईल?" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, जरा विचार केला आणि सांगायला सुरुवात केली.