दोन दारांमधला माणूस

वेल्मा ओडेगार्ड आमच्या हार्लन फोर्कच्या पोलीस कचेरीत सव्वीस वर्षं कारकून होती. नव्या पोलिसाचे कागद तिने पाहिल्याशिवाय चीफ सही करत नसे. शेजारणीकडून परत आलेलं भांडं उजेडात धरून बघावं, तसे ती ते बघायची.

त्या जानेवारीत लायल प्रुइटचा अर्ज आला. वय एक्केचाळीस, शेजारच्या राज्यात आठ वर्षं शेरीफच्या हाताखाली डेप्युटी. तिथलं प्रशिक्षण आणि गस्तीचा अनुभव इथे धरला, तर दोन आठवड्यांची उजळणी पुरणार होती. नाही धरला, तर सोळा आठवडे राजधानीत वसतिगृहात. आणि घरी बायको कोराला सातवा महिना.

"सोन्यासारखा माणूस चालत आलाय," चीफ म्हणाला. "तुझं तोंड का वाकडं?"

"सोनं चालत येत नाही."

कागद चोख होते. जुन्या कचेरीला फोन केला, तर तिथल्या बाईने नोकरीच्या तारखा सांगितल्या आणि गप्प झाली. ते गप्प होणं वेल्माला आवडलं नाही.

आमच्याकडे थंडीमुळे कचेरीला एकामागे एक दोन दारं असतात. जानेवारीत माणूस दोन्ही एका दमात ढकलून आत घुसतो. लायल अर्जाच्या कामाने यायचा, तेव्हा मधे थांबायचा. मागचं दार खट्कन लागलं, की मगच पुढच्याला हात लावायचा. आधी वेल्माला वाटलं, रीतीचा आहे, ऊब जाऊ देत नाही. तिसऱ्या खेपेला तिने चष्मा काढला. तिचा भाऊ तुरुंगात स्वयंपाकी होता; तिथे मागचं दार लागल्याशिवाय पुढचं उघडत नाही. तो स्वतःच्या घरीसुद्धा असाच थांबायचा आणि बायको आतून ओरडायची, "ये की आत, सूप गार होतंय!"

"लायल, तुरुंगात किती वर्षं होतात?"

तो लाल झाला. "आठ, मॅडम. शेरीफच्याच तुरुंगात. पण किल्ल्या माझ्याकडे होत्या."

"आणि गस्त?"

"एक उन्हाळा. जत्रेत गाड्या लावून द्यायला." टोपी हातात फिरत होती. "कागदात खोटं काही नाही."

"खरंही पुरेसं नाही."

"कोरा एकटी आहे हो."

"रस्त्यात गाडी अडवून अनोळखी माणसाच्या खिडकीशी कधी गेलायत?"

टोपी फिरायची थांबली. वेल्माने लिहिलं: गस्तीचा अनुभव नाही, पूर्ण प्रशिक्षण आवश्यक.

चीफ दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. बाळ झालं तेव्हा लायल दोनशे मैलांवर होता. वेल्मा भट्टीत भाजलेला बटाट्याचा हॉटडिश भांड्यासकट घेऊन गेली. कोराने भांडं घेतलं, पण आत ये म्हणाली नाही.

जूनमध्ये लायल गणवेशात आला. मधे थांबला. मागचं दार लागलं.

"अजून?" वेल्मा म्हणाली.

"तेवढी सवय राजधानीतल्यांना काढता आली नाही, मॅडम." त्याने टेबलावर तिचं भांडं ठेवलं, त्यावर प्रमाणपत्र.

वेल्माने भांडं आतून बोट फिरवून पाहिलं. प्रमाणपत्र खिडकीशी नेऊन वाचलं. मग त्याला बसायला सांगून राजधानीला फोन लावला.