भट्टीचे दार

त्या शिल्पकर्तीच्या हातांत दोन काळ सुखाने नांदत. जुन्या राजवाड्यांतली वेलबुट्टी ती मातीच्या कुंभावर उमटवी आणि त्या वेलींना फुलांच्या जागी विजेची बटणे, नळाच्या तोट्या लगडवी. वडिलांची परंपरा निष्ठेने जपणाऱ्या थोरल्या बहिणीला हा संकर साहवत नसे.

प्रदर्शनासाठी घडवलेला धाकटीचा सर्वांत मोठा कुंभ भट्टीत वरच्या फळीवर निवत होता. खालच्या फळीवर ताईच्या सुरया होत्या. तापल्या मातीला थंड वारा लागला की ती तडकते, हे दोघींना बाळपणापासून ठाऊक होते. विद्या पवित्र खरी. परंतु मत्सरालाही ती तितक्याच निष्ठेने साहाय्य करते. ताईने वरच्या झरोक्याचे बूच उपसले आणि आत कुंभ टणकन तडकला.

"बूच का काढलंस, ताई?"

"बघत होते जरा. बहिणीचं कौतुक नको का? तरी सांगत होते, वेलीला तोट्या लावू नकोस. बाबांचा तळतळाट गं, दुसरं काय!"

धाकटीने जाड हातमोजे चढवले. "मग नीटच बघ ना," असे मृदू स्वरात म्हणून तिने भट्टीचे दार सताड उघडले. ताई ते लोटायला धावली, तेव्हा धाकटीने तिचा दंड धरला आणि शेवटची सुरई तडकेपर्यंत सोडला नाही.